साडूच्या उल्का

साडूचे डोळे चष्मेवाल्याने स्वतःच तपासले होते. तक्त्याची शेवटची ओळ साडूने दुकानाची पाटी वाचावी तशी वाचली आणि वर विचारलं, "याच्या खाली काही नाही का, भाऊ?" तेव्हापासून ते चष्मेवाल्याला सलत होतं.

उल्का मोजण्याचा नाद खरा त्याचा. तरुणपणापासून तो दुकानाच्या गच्चीवर आरामखुर्ची टाकून पडायचा आणि दर पाव तासाला किती दिसल्या ते खगोल केंद्राला कळवायचा. दुर्बीण लागत नाही. दोन डोळे आणि सचोटी पुरतात. आभाळातल्या धुळीची दाटी कुठे आहे, ते शास्त्रज्ञ अशा आकड्यांवरून ताडतात. केंद्रातल्या बाई त्याचा आकडा डोळे मिटून घ्यायच्या. त्याच्या शब्दाला एवढा भाव घरीदारी दुसरं कुणी देत नव्हतं. आणि यंदा बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, बेकरीवाल्याला, हौस आली.

"येऊ द्या की भाऊजींना," बायको म्हणाली. "तुमचं आभाळ झिजणार आहे का?"

गच्चीवर बोलायचं नाही, हा नियम. ज्याने त्याने आपल्याच नजरेने पाहायचं आणि मुठीतल्या मोजणीयंत्राचं बटण दाबायचं. पहाटेकडे साडूचं बटण एकाएकी टकटक वाजू लागलं. चष्मेवाल्याने मान वळवली. हा खरंच मोजतोय, की मला खिजवतोय? पाव तास तो साडूच्या अंगठ्यावर नजर ठेवून पडला.

सकाळी दुकानात फोन आला. साडू आरशासमोर एकेक फ्रेम नाकावर चढवून बघत होता.

"प्रोफेसर वाटतो ना?"

"पाव कुरतडणारा उंदीर वाटता," चष्मेवाल्याची बायको म्हणाली.

"बाकी सगळीकडे ढग होते," फोनवर केंद्रातल्या बाई सांगत होत्या. "आभाळ मोकळं फक्त तुमच्याकडे. पहाटे धुळीचा दाट पट्टा लागेल असा आमचा अंदाज होता. त्या पाव तासात तुमचे साडू एकवीस म्हणतात, तुम्ही दोन. नवखा माणूस उत्साहात जास्त मोजतो. त्यांचा आकडा बाद करू ना?"

नुसतं हूं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते हूं त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं. समोर साडू डोळे तिरळे करून आरशात बघत होता, आणि बायको खोखो हसत होती.

"माझे दोन बाद करा," चष्मेवाला म्हणाला. "मी वर बघत नव्हतो."

"डोळा लागला होता का?"

"नाही. साडूकडे बघत होतो."

"मग त्यांच्याशीच बोलते. द्या बरं."

त्याने फोन साडूच्या हातात दिला आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली. साडू हातवारे करत सांगत होता: एक हिरवट होती, एकीची रेघ कितीतरी वेळ विझली नाही. फोनमधून बाईंचं हसू ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोलताना त्या एकदाही हसल्या नव्हत्या.

"भाऊ, आज रात्री पुन्हा बसायला सांगतायत," फोन ठेवत साडू म्हणाला.

"बसा," चष्मेवाला म्हणाला. "पण तुमची खुर्ची पाण्याच्या टाकीमागे. मला तुम्ही दिसता कामा नये."