लॉगआउटनंतरही मी जिवंत होते

मी चौसष्ट अक्षरांची एक सेशन कुकी बोलतेय. मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, पण माझ्यासारख्या कितीतरी जणी रोज तुमच्यासाठी राबतात. पासवर्ड एकदा टाकला की पुढच्या प्रत्येक क्लिकला तो पुन्हा विचारला जात नाही, ते आमच्यामुळे. आम्ही म्हणजे ब्राउझरच्या खिशातला पास. पास दिसला की दार उघडतं. तो कोणाच्या हातात आहे, हे दार पाहत नाही. एवढ्यापायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती.

माझा जन्म एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी झाला, शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात. तिथल्या थंडगार खोलीत एक दणकट यंत्र होतं आणि त्याच्या पोटात बावीस आभासी संगणक नांदत होते. त्यांना ना पेटी, ना पडदा. काम मात्र खरं: कुठला पंप कधी सुरू करायचा, कुठली टाकी किती भरायची. या बाविसांवर एका सॉफ्टवेअरची हुकमत होती. त्यातून कुठलाही संगणक चालू, बंद किंवा पार पुसून टाकता येई, आणि तेही इंटरनेटवरून कुठूनही. त्या सॉफ्टवेअरनं मला घडवलं. माझी मालकीण होती ताई. अख्खं कार्यालय तिला ताईच म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठेसुद्धा.

ताई शिस्तीची. चहाला उठली तरी लॉगआउट करणार. शेजारचे हसायचे, "ताई, चहाला चाललीस की परदेशी?"

"तुमच्यासारखं दार उघडं टाकून जायची सवय नाही मला," ती सुनवायची.

त्या दिवशी सॉफ्टवेअर सारखं अडकत होतं. ताईनं कंपनीला फोन लावला. कंपनीचा नियम ठरलेला: आधी लॉग चढवा, म्हणजे सॉफ्टवेअरनं स्वतःच लिहून ठेवलेली दिवसभराच्या कामाची नोंद. तीही कंपनीच्या तक्रारींच्या पानावर, जिथं सगळे ग्राहक एकमेकांच्या तक्रारी वाचतात. त्याशिवाय तक्रार घेतच नाहीत. ताईनं फाइल चढवली, लॉगआउट केलं आणि ती पंपघराकडे निघाली.

आता दोन गुन्हे ऐका, दोन्ही कंपनीचे. त्या नोंदीत मी होते, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं, उघडीवाघडी. आणि लॉगआउटनं मला फक्त ताईच्या ब्राउझरमधून काढलं. सर्व्हरच्या, म्हणजे दार उघडणाऱ्या यंत्राच्या, चालू पासांच्या यादीत मी तशीच राहिले. सगळ्यांच्या लेखी मी मेलेली, आणि इकडे ठणठणीत!

दुपारी दोन वाजता कोणीतरी मला त्या पानावरून उचललं. हात नवखा होता, प्रत्येक बटणापाशी थबकत होता. त्यानं मला दाखवलं, दार उघडलं. पंपांचे तीन संगणक त्यानं पुसून टाकले. अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले. संध्याकाळपर्यंत राबून जुन्या प्रतींवरून ते संगणक पुन्हा उभे केले ताईनंच, आणि बोटही दाखवलं गेलं तिच्याकडेच.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चौकशी. कंपनीचा इंजिनिअर आला होता. टेबलावर नोंदीचा कागद: दोन वाजून सात मिनिटं, ताईचं नाव, संगणक पुसला.

"मी तेव्हा पंपघरात होते, साहेब."

"माझ्यासमोर होती," पंपघरातले काका दारातून म्हणाले. "बॅटरी बदलत होतो आम्ही."

"मोबाईलवरूनही करता येतं, काका," इंजिनिअर हसला. "किंवा पासवर्ड दिला असेल कोणाला. माणूस चुकतो. आमचं सॉफ्टवेअर नाही चुकत."

साहेबांनी निलंबनाचं पत्र पुढे सरकवलं. "माझाही नाइलाज आहे, ताई."

ताईनं पत्राला हात लावला नाही. आदल्या रात्री तिनं ती चढवलेली नोंद ओळ न् ओळ वाचली होती, आणि तिथं तिला मी सापडले होते. "पाच मिनिटं द्या, साहेब. आणि तुमचा संगणक."

तिनं तिथंच लॉगिन केलं. माझी एक धाकटी बहीण जन्माला आली. नोंद उघडून ताईनं तिची चौसष्ट अक्षरं पेनड्राइव्हवर घेतली आणि सगळ्यांदेखत लॉगआउट केलं.

"बाहेर पडले ना मी?" तिनं इंजिनिअरला विचारलं.

"पडलात की."

"मग आता ही अक्षरं तुमच्या लॅपटॉपमध्ये टाका."

त्यानं टाकली. पडद्यावर ताईचं नाव आलं, खाली बावीस संगणक, आणि प्रत्येकासमोर पुसून टाकायचं बटण.

काका दारातून पुढे आले. "काय हो इंजिनिअर, तुम्हाला कधी दिला ताईनं पासवर्ड?"

साहेबांनी पत्र उचललं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

महिन्याभरानं कंपनीनं नवी आवृत्ती काढली. सोबतच्या पत्रकात एकच ओळ: 'काही किरकोळ सुधारणा'. अर्ध्या शहराचं पाणी तोडणारी चूक किरकोळ! माफीचा शब्द नाही.

मी आता चौकशीच्या फाइलमध्ये, चौदाव्या पानावर छापलेली आहे. सर्व्हरनं मला अखेर पुसलं. माझ्यानं आता एकही दार उघडणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. एकच मागणं आहे. लॉगआउट जरूर करा, पण सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला आधी समोर बसवा आणि ताईनं केलं ते त्याच्याच हातून करून घ्या. दार उघडलं, तर त्याच दारानं त्याला बाहेर पाठवा.