कापिकचं नाव कुणाला

स्टोव्हवर उकळणारा सीलचा रस्सा.

नकाशावर एक शिखर, शेजारी रिकामी रेघ.

साडेतीन महिने न उगवलेला सूर्य.

सुनेच्या पोटात एक लाथ.

“सासूबाई, तुमचा नवरा झोपू देत नाही हो मला,” नात्सिक म्हणाली.

“मला तरी कुठं देत होता!” उलाजुक हसली. तिच्या नवऱ्याला, कापिकला, वारून वर्ष झालं होतं. त्याचं नाव या बाळाला मिळणार, म्हणजे तोच घरी परतणार. म्हातारी आतापासूनच त्या पोटाशी भांडायला लागली होती.

पण आज राजधानीहून आलेला सरकारी माणूस, डेनिस, टेबलावर कागद पसरून बसला होता. खाणवाल्यांची यंत्रं अडवायची तर ते शिखर संरक्षित यादीत जायला हवं, आणि बिननावाचं काही यादीत जात नाही. गावानं एकमतानं कापिकचं नाव सुचवलं होतं. त्याच्या बायकोची, उलाजुकची, सही तेवढी राहिली होती. डेनिसचं परतीचं विमान दोन वाजता.

“कर ना सही, आई,” मुलगा अकीशू म्हणाला. “यंत्रं आली की एक कॅरिबू हरीण दिसायचं नाही.”

“ते नाव बाळाला दिलंय मी.”

“दोघांनाही देता येईल,” डेनिस म्हणाला. “केवढा मान!”

“बाळाला आई आहे. तिकडं शिखरावर त्या नावाला ऊब कोण देणार? तू?”

“मग दुसरं सांग!” अकीशू वैतागला. “यादी आज बंद होतेय.”

उलाजुकला दुसरं नाव सुचेना. जिथं मुक्काम केला, शिकार केली, त्या जागांना नावं होती. त्या शिखरावर कुणी कधी झोपलंच नव्हतं. तिनं घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजत आले होते.

“कोट घाला. बाहेर चला.”

भर दुपारी बर्फ शाईसारखं निळं होतं. आणि उत्तरेला, सगळ्या डोंगरांच्या मागं, त्या एकट्या टोकावर उजेड पडला, ताज्या चिरलेल्या माशासारखा लाल. सूर्याचा कुठंच पत्ता नव्हता. कुत्री गप्प झाली. डेनिसच्या हातात कागद फडफडत राहिला, आवरायचं त्याला भान नव्हतं. उलाजुक दर फेब्रुवारीत हे पाहत आली होती. तरी तिनं कोटाची टोपी मागं सारली.

मग तो उजेड विझला. 

“लिही,” ती हळूच म्हणाली. “आपल्याआधी सूर्य पाहणारा.”

डेनिसनं हातमोजा काढून उघड्या बोटांनी लिहिलं.

गावानं कापिकचं नाव सुचवलं ते एवढ्यावरच: १९८७च्या एप्रिलमध्ये तो त्या शिखराच्या पायथ्यापर्यंत गेला होता. चहा संपला म्हणून परत आला.