नेमसिंगचे अडतीस गडी

शुक्रवार, १७ जानेवारी १९४१. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर वसमतच्या सातव्या फलंदाजाचा मधला स्टंप पडला. चेंडू टप्पा पडल्यावर उठलाच नाही. घोट्याच्या उंचीने सरपटत बॅटीखालून गेला. फलंदाज हट्टा गावचा धिप्पाड गडी होता. तो टप्प्याच्या जागेकडे थोडा वेळ बघत उभा राहिला आणि मान हलवत निघून गेला.

हजारभर माणसे उठून उभी राहिली. "हद्दबुवा महाराज की जय!" अशी आरोळी झाली. चेंडू टाकणाऱ्या नेमसिंगचे नाव कोणी घेतले नाही.

बुवा मैदानाच्या कडेला चिंचेखाली चौरंगावर बसले होते. त्यांनी एक बोट वर केले. लोक पाया पडायला धावले. पंचांना खेळ सात मिनिटे थांबवावा लागला.

हद्दबुवा चार वर्षांपूर्वी कुठून तरी या मुलखात आले. पेरणीआधी शेताला हद्द घालून देणे हा त्यांचा उद्योग. शेताच्या कोपऱ्यात गाडगे पुरायचे, वर मंत्र म्हणायचा. मग म्हणे पिकाला कीड लागत नाही आणि वाईट नजर बांधाबाहेरून परत जाते. मागच्या दसऱ्याआधी हिंगोलीचा क्लब कळमनुरीकडून हरला. क्लबाचे चिटणीस व्यंकटराव वकील. त्यांनी विचार केला, शेताला हद्द घालता येते, तर मैदानाला का नाही? त्यांनी बुवांना बोलावले. बुवांनी मात्र कोपरा नाकारला. खेळपट्टीच्या काथ्याच्या चटईखाली, मधोमध नव्हे, चिंचेसमोरच्या टोकाला, तळ्याच्या बाजूच्या स्टंपांपासून सहा-सात पावलांवर त्यांनी जागा नेमली. तांब्याचे यंत्र पुरतो म्हणाले, आणि दर अमावास्येला ते "ताजे" करू लागले.

त्यानंतर पाच सामने झाले. नेमसिंगने अडतीस गडी बाद केले.

नेमसिंग एकवीस वर्षांचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. जिनिंग वर्षातून चार महिने चाले. उरलेले आठ महिने मिळेल ते काम. क्लबात तो आला तो वकिलांना सरावासाठी चेंडू टाकायला. दसऱ्यापर्यंत त्याला कोणी सामन्यात घेतले नव्हते. डिसेंबरात हैदराबादच्या एका गिरणीच्या साहेबाने त्याचा खेळ पाहिला आणि पत्र धाडले: ३१ जानेवारीपासून तीन दिवसांचा निवडीचा सामना आहे, चांगला खेळलास तर गिरणीच्या कोठारात बारमाही नोकरी, राहायला खोली.

वसमतचा डाव संपल्यावर त्या पत्राची बातमी चौरंगापर्यंत गेली. बुवांनी नेमसिंगला समोर बसवले. लोक गोळा झाले.

"चेंडू म्हंजे काय?" बुवांनी विचारले. "गोल. सूर्य काय? गोल. पृथ्वी? गोल. गोलावर कोणाचा हुकूम चालते? ज्यानं हद्द घातली त्याचा!"

"अन् बॅट, महाराज?" मागून कोणी तरी म्हणाले.

"बॅट चपटी हाय. चपट्याचं काय चालते गोलापुढं?"

लोक हसले. हसता हसता त्यांना पटलेही.

"पण पोरा," बुवा आवाज उतरवून म्हणाले, "माझी हद्द गावाच्या शिवेपावतर. शीव ओलांडून बॉल टाकलास, तर तुझा उजवा हात लुळा पडंल. मग मला बोल लावू नको."

नेमसिंगची आई जिवनबाई तिथेच होती. तिने मुलाचा हात धरला. "ऐकलं न्हवं? न्हाई जायचं. मला धड हाताचं लेकरू पायजे, नोकरी नको."

बुवांची अडचण वेगळीच होती. शिवेपलीकडे नेमसिंग खेळला आणि त्याला गडी मिळाले नाहीत, तर लोक कारण शोधतील आणि चौरंगही पडेल. ही अडचण त्या गर्दीत एकाच माणसाला दिसली. शाळेत गणित शिकवणारे बंडोपंत क्लबाची धाववही ठेवत. कोणत्या बाजूने कोण चेंडू टाकतो, हेही ते प्रत्येक षटकापुढे लिहीत. ही सवय इतर कोणाला कधी उपयोगाची वाटली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी ते वही घेऊन व्यंकटरावांच्या घरी गेले.

"वकीलसाहेब, अडतीसपैकी पस्तीस गडी चिंचेच्या बाजूने टाकताना मिळाले. तळ्याच्या बाजूने त्याने एकतीस षटके टाकली. गडी तीन."

"मग बरोबर आहे. चिंचेखाली बुवांची बैठक आहे."

"तुम्ही स्वतः या मोसमात दोनदा सरपटत्या चेंडूवर बाद झालात. समोरचा गोलंदाज चिंचेच्या बाजूनेच टाकत होता. बुवांनी तुम्हाला का बाद केले?"

व्यंकटरावांनी पानाचा डबा बंद केला. "बुवा म्हणाले, मी आदल्या दिवशी अंडं खाल्लं असणार."

"खाल्लं होतं?"

"मास्तर! आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नाही."

"मग उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी मैदानावर या. नवा चेंडू घेऊन या."

रविवारी (निजामाच्या राज्यात शाळेची सुट्टी शुक्रवारची) आठ वाजता चटई अंथरलेलीच होती. बंडोपंतांनी शाळेची लाकडी मोजपट्टी आणली होती. खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा, तो किती उसळतो ते मोजायचे, एक हात पुढे सरकायचे. वीस इंच. एकोणीस. वीस. वीस. कामावर निघालेली माणसे थांबू लागली. त्यात नेमसिंग आणि जिवनबाई होती. कोणी तरी बुवांना निरोप दिला, तेही आले.

तळ्याच्या बाजूला, स्टंपांपासून सहा-सात पावलांवर चेंडू सोडला. भद्द असा आवाज आला. पाच इंच.

"पुन्हा," व्यंकटराव म्हणाले.

पाच इंच. तिसऱ्यांदाही पाच.

चटईचे खिळे काढले. खाली सगळीकडे टणक मुरूम, आणि तेवढ्या एका जागी सैल माती. दोन बोटे माती बाजूला केल्यावर गोणपाटाचा तुकडा निघाला. त्याखाली रुंद तोंडाचे गाडगे, आणि गाडग्यात गव्हाचा भुसा. तांबे कुठेच नव्हते. भुसा दबत चालला की खड्डा खोल व्हायचा आणि लोकांच्या डोळ्यांवर यायचा. म्हणून दर अमावास्येला तो "ताजा" करणे भाग होते.

"यंत्र गुप्त झालं," बुवा म्हणाले. "पाप्याच्या हाताला भुसाच दिसते."

दगडोबा नावाचा शेतकरी पुढे आला. त्याने मागच्या वर्षी बुवांकडून शेत बांधून घेतले होते. "महाराज, मंग माझ्या शेतात बी भुसाच हाय का?"

"तुझी श्रद्धा जशी असंल तसं."

"म्हंजे हाय म्हना की!"

काही जण हसले. सगळे हसले नाहीत.

नेमसिंग गाडग्याजवळ उकिडवा बसला होता. तो हळूच म्हणाला, "दसऱ्याआधी बुवानं मला पुसलं व्हतं, तुझा बॉल कुठं पडते. मी पाय ठेवून दाखवलं. हीच जागा." मग तो बंडोपंतांकडे वळला. "मास्तर, आता माझं काय ऱ्हायलं? बारा दिवसांवर सामना आला, अन् तुमी माझे अडतीस गडी मातीत घालून राहिले!"

बंडोपंतांनी चटई दोन हात बाजूला, अखंड मुरमावर ओढून घ्यायला लावली. खिशातला रुमाल काढून त्याच अंतरावर पसरला. "तीस चेंडू टाक," ते म्हणाले.

नेमसिंग रागाने धावत आला. पहिले चार बाहेर पडले. मग राग उतरला. तीसपैकी बावीस चेंडू रुमालावर पडले. व्यंकटरावांनीही दहा टाकून पाहिले. एक रुमालाच्या कडेला लागला, एक हातातून निसटून मागच्या चिंचेत अडकला.

"बघ," बंडोपंत म्हणाले. "त्या खड्ड्यावर बाकी कोणाचाही चेंडू चुकूनच पडायचा. तुझा दर षटकात तीनदा पडायचा. बुवांनी खड्डा केला, पण त्यावर नेम तुझा होता."

"अन् खड्डा नसल्यावर?"

"ते बघू. वकीलसाहेब, बॅट घ्या."

रुमाल उचलला. नेमसिंगने आणखी तीस चेंडू टाकले. वकिलांनी सव्वीस धावा काढल्या आणि एकदा त्रिफळा उडाला. बंडोपंतांनी तेही वहीत लिहिले.

"हे काही फार बरं न्हाई," नेमसिंग म्हणाला.

"नाही. वाईटही नाही. हैदराबादला हे पुरेल की नाही, मला माहीत नाही. पाच सामन्यांवरून मी सांगू शकत नाही, कारण ते पाचही सामने खड्ड्यावर झाले. इथे बसून राहिलास तर कोणालाच कळणार नाही."

जिवनबाई पुढे आली. "मास्तर, हात लुळा पडला तर?"

"तर दवाखान्यात न्यायचा, जिवनबाई. चौरंगाकडे नाही."

ती बुवांकडे वळली. "बुवा, तुमी कुठले?"

"आमी साधू. आमाला गाव न्हाई."

"पन आलेत तर कुठून तरी शीव ओलांडून ना? एक न्हाई, पन्नास शिवा ओलांडल्या असतील. तुमचा हात काहून लुळा पडला न्हाई? चांगलं बोट वर करून राहिले की."

नेमसिंगच्या मनगटावर बुवांनी बांधलेला काळा दोरा होता. जिवनबाईने तो दातांनी तोडला आणि गाडग्यात टाकला.

त्या दिवसानंतरच्या नोंदी अशा. दगडोबाने आपल्या शेताचा कोपरा खणला, भुसाच निघाला. बुवांनी या भागात चाळीसेक शेते बांधली आहेत. खणली फक्त तिघांनी. बाकीचे म्हणतात, आपले यंत्र खरे असेल तर उगाच कशाला हलवायचे? हद्दबुवा बुधवारी गाव सोडून गेले. सध्या ते आखाडा बाळापूरच्या बाजारात बसतात. तिथेही गर्दी आहे.

असा मजकूर आम्ही या वृत्तपत्रात पहिल्यांदा लिहीत नाही. माणसे बदलतात, गाडगे बदलत नाही. वाचकांना विनंती एवढीच: कोणी चमत्कार दाखवला तर आधी मोजा. किती वेळा झाला, कुठे झाला, कोणत्या बाजूने झाला, आणि कुठे झाला नाही, हे कागदावर लिहा. जागा बदलून पुन्हा करून बघा. ज्याच्यापाशी खरे आहे, तो हे करू देतो. जो शाप देतो, त्याची चटई उचला. यासाठी शाळामास्तरच लागतो असे नाही. त्या दिवशी शेवटचा प्रश्न जिवनबाईने विचारला, आणि तिला लिहिता-वाचता येत नाही.

नेमसिंग २८ जानेवारीच्या गाडीने हैदराबादला गेला. स्टेशनावर पोचवायला आई, बंडोपंत आणि व्यंकटराव एवढेच होते.

शुक्रवार, ३१ जानेवारी, रात्री आठ वाजता व्यंकटरावांना तार मिळाली. पहिल्या दिवशी नेमसिंगने अठरा षटके टाकली. बावन्न धावा, एक गडी. त्याच्या चेंडूवर दोन झेल सुटले. हाताला काही झालेले नाही. समोरच्या संघाचे चार गडी अजून बाकी आहेत आणि शनिवारी साडेदहाला खेळ पुढे सुरू व्हायचा होता.

शनिवारची तार हे लिहीपर्यंत आलेली नाही.