शेवट सांगायचा नाही

मला टीव्हीचं वेड आहे. साधंसुधं नाही. बायको पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणते, "हे आमचे. चष्म्याचं दुकान आहे यांचं." आणि मग, घरातलं एखादं जुनं दुखणं सांगावं तसा आवाज खाली आणून, "मालिका बघतात."

दिवसभर मी लोकांना तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावतो आणि वर दम देतो, "टीव्ही कमी करा, डोळे जातील." शटर ओढलं की मीच धूम घराकडे. कारण साडेसातला आमची मालिका. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा कोरडा पाषाण बघायचा असेल तर माझ्या सोफ्यावर या.

एकदा मालिकेतली थोरली सून जिन्यावरून पडली. म्हणजे पडायला लागली. पूर्ण पडायला तिला चार भाग लागले. त्या काळजीत मी एका गवंड्याचा चष्मा शाळेतल्या बाईंना दिला आणि बाईंचा गवंड्याला. गवंडी दुसऱ्याच दिवशी बोंबलत आला की भिंत वाकडी दिसते. बाई मात्र आठवडाभर फिरकल्याच नाहीत. सगळी मुलं सारखीच गुणी दिसत होती म्हणे.

या वेडात मी एकटा असतो तर बायकोने मला केव्हाच ठिकाणावर आणलं असतं. पण माझ्या बाजूने तिची सख्खी आई आहे.

सासूबाईंची आणि माझी ओळखच टीव्हीवरून झाली. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा छाप पाडायला म्हणून जुन्या वकिलाच्या मालिकेचा विषय काढला. आठवड्यातून एकदा लागायची ती, आणि तेराव्या भागात संपलीसुद्धा. त्यात दार आपटलं की मागची भिंत हलायची, पण माणसं काय बोलायची! आत्ताच्या मालिकेत एक थप्पड तीन बाजूंनी दाखवतात आणि चौथ्या बाजूने वीज कडाडते. तर मी रंगात येऊन म्हणालो, "आणि शेवटच्या भागात तो वकील उठतो आणि..."

"खबरदार!" सासूबाई ओरडल्या. हातातला चहा हिंदकळला, माझ्या पँटवर. शेवटच्या भागाला नेमकी वीज गेली होती आणि तो त्यांचा बघायचा राहिला होता, एवढी वर्षं. लोकांनी सांगायचा प्रयत्न केला, यांनी कान बंद केले. "बघायचं तर बघायचं. ऐकायचं नाही. ऐकलेला शेवट म्हणजे उष्टा शेवट."

मी तो भाग कुठूनकुठून शोधून आणला आणि शेजारी बसून दाखवला. लग्न तिथेच ठरलं. बायको म्हणते, आपल्याला कोणी विचारलंच नाही.

पुढे सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी घरात एक कायदा केला: दुसऱ्याने बघायच्या आत शेवट सांगायचा नाही. जो सांगेल त्याने आठ दिवस भांडी घासायची. पहिल्या वर्षात मी इतकी भांडी घासली की मोलकरणीला वाटलं, मी तिच्या पोटावर पाय देतोय. तोंडात तीळ भिजत नाही माझ्या. सासूबाईंना मात्र एकदाही दंड झाला नाही. दुपारच्या मालिका माझ्याआधी बघायच्या आणि रात्री त्या पुन्हा लागल्या की माझ्यासोबत बघताना असा चेहरा ठेवायच्या की पोलिसांनी चौकशी केली असती तरी काही हाती लागलं नसतं.

आणि मग त्यांच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "गाठ काढावी लागेल. वय झालंय, हृदय थकलंय. ऑपरेशन कठीण नाही, पण भूल कितपत सोसेल, जाग कशी येईल, ते आत्ता सांगता येत नाही. आणि न काढता ठेवली तर काय होईल, ते मात्र सांगता येतं."

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी येऊन म्हणाल्या, "मालिका संपू दे. मग बघू."

"आई, ती मालिका सात वर्षं चालू आहे!" बायको किंचाळली.

"म्हणूनच. आता संपेल."

बायकोने मला कोपऱ्यात घेतलं. "तुमचं ऐकेल ती. जा, समजवा."

मी समजवायला गेलो आणि समजून आलो. सासूबाईंचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. थोरलीचा नवरा, जो आधी तीनदा मेला होता, तो परत दारात उभा होता. ती त्याला घरात घेते की नाही, हे कळल्याशिवाय कोणाचं ऑपरेशनात लक्ष लागेल? मी हे बाहेर येऊन बायकोला सांगितलं. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं. माझ्या डोक्यात काय भरलंय ते कोणीतरी एकदा एक्स-रे काढून बघायला हवं.

आठवडा गेला. सासूबाई दोन घास खाऊन ताट सरकवायला लागल्या. मालिका बघताना पोटावर उशी धरून बसायच्या. एकदा मधे जाहिराती लागल्या तेव्हा मी विचारलं, "आई, खरं सांगा. मालिकेसाठीच थांबलाय ना?"

त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. "झोपवतात, जावईबापू. झोपवल्यावर उठवणं त्यांच्या हातात नाही, त्यांनीच सांगितलं. मला भीती वाटते हो. मालिका चालू आहे तोवर उद्याचं काहीतरी राहिलेलं असतं."

जाहिराती संपल्या, थोरली दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, आणि भाग संपला.

पुढल्याच आठवड्यात वाहिनीने जाहीर केलं: मालिकेचा शेवटचा भाग येतोय, दीड तासाचा. तारीख बघून मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीखही तीच. आणि ते आता एक दिवसही पुढे ढकलायला तयार नव्हते.

"सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर," मी म्हणालो. "आणि तेव्हा नाही जमलं तर नंतर बघू. तुमच्याशिवाय मी बघणार नाही."

"तुम्ही? तुम्हाला दम निघेल?"

"शपथ."

"आणि मी उठलेच नाही तर?"

तोंडातून निघून गेलं, "तर मी तो भाग जन्मात बघणार नाही. थोरली आणि तिचा नवरा, दोघं दाराच्या दोन बाजूंना तसेच राहतील."

सासूबाई हसल्या, पोट धरून, दुखेपर्यंत. "एवढी शिक्षा नको हो तुम्हाला. चला, करून टाकू."

पण सकाळी एक अपघाताचा रुग्ण आला आणि आमचा नंबर मागे गेला. सासूबाईंना आत नेलं तेव्हा दुपार कलली होती. जाताना बायकोचा हात सोडवेना त्यांना. मला फक्त बोट दाखवलं: लक्षात आहे ना?

बाहेर बसायला प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा आणि भिंतीवर, कोणी लावला त्याचं भलं होवो, टीव्ही. साडेसात वाजत आले. दार अजून बंद. बायको औषधं आणायला खाली गेली होती. आणि ओळखीचं शीर्षकगीत सुरू झालं.

सगळी रांग सावरून बसली. मी उठून विनंती केली, "जरा बंद करता का?" तीसेक माणसांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांचाच रुग्ण मारायला निघालोय. मग मी खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले, दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्याने बेचे पाढे म्हणायला लागलो. पन्नाशीचा माणूस, चष्म्याचं दुकान, बे त्रिक सहा.

खांद्यावर हात पडला. शेजारच्या खुर्चीवरच्या एक मावशी होत्या. मी एक बोट काढलं. "रडू नका हो," त्या म्हणाल्या. "देव बघतोय. इकडे बघा, जरा जीव रमेल. तो नवरा आलाय बघा दारात, आणि ती..."

"नको!" मी ओरडलो आणि बोट परत कानात. मावशींनी बाजूच्याला काहीतरी सांगितलं, तोंडावरून कळलं: "बिचारा."

खरं सांगू? तोवर मी रडतच होतो. पाढा तोंडाने चालला होता आणि डोक्यात एकच गोष्ट: आता या माझ्या शेजारी बसून पोटावर उशी धरून विचारणारच नाहीत का, "आता काय होईल हो?" बाकी कोणी विचारत नाही मला.

कितव्यांदा तरी बे साती चौदापाशी आलो आणि कोणीतरी माझा हात खसकन ओढला. बायको होती. तिच्या मागे नर्स, आणि मागे सगळी रांग माझ्याकडे बघत. "अहो, कधीपासून हाका मारतायत तुम्हाला! नातेवाईक कोण, नातेवाईक कोण म्हणून! आणि तुम्ही इथे पाढे म्हणताय?"

मालिकांत नर्स नातेवाइकाला शोधत बाहेर येते तेव्हा पुढे काय होतं, हे मला तोंडपाठ आहे. "काय झालं?" मी विचारलं.

"शुद्धीवर येतायत," नर्स म्हणाली. "एकेकाने आत या."

बायको आधी गेली. थोड्या वेळाने डोळे पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे रागाने बघून म्हणाली, "तुम्हाला बोलावलंय. मला नाही. काहीतरी फार महत्त्वाचं सांगायचंय म्हणे, फक्त जावयाला."

मी आत गेलो. डोक्यात नको नको ते. अशा वेळी मालिकेत माणसं जन्माचं गुपित सांगतात आणि मान टाकतात. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, नाकात नळी. पलीकडे दोन आया फोन मिटवत खुसखुसत होत्या. सासूबाईंनी बोटाने खुणावलं. मी वाकलो, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"नाही घेतलं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"काय नाही घेतलं, आई?"

"थोरलीने. नवऱ्याला घरात. तोंडावर दार लावलं. या दोघी बोलत होत्या, त्यानेच जाग आली मला."

सात वर्षं. दीड तास दम धरलेला, पुन्हा पुन्हा बेचे पाढे म्हटलेले, सगळं पाण्यात. मला हुंदका आवरेना. मी त्यांचा हात धरला आणि तिथेच, आयांसमोर, लहान मुलासारखा रडलो. कोणी शेवट सांगितला म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"दंड पडला, आई," मी कसंबसं म्हणालो. "पहिल्यांदा."

"हो ना," त्या डोळे मिटत म्हणाल्या. "मग तुम्ही कशाला रडताय? भांडी मला घासायचीत."