मऊ भाकर

तानाबाईला ज्वारीची शिसारी होती. नावडीची गोष्ट निराळी. नावडतं असलं तरी माणूस नाक मुरडून का होईना, खातो. हिला मात्र पिठाच्या नुसत्या वासानं मळमळायचं. बहात्तरच्या दुष्काळात सात वर्षांच्या तानीनं उंद्रीतल्या एका मोठ्या घराच्या ओट्याखाली झग्याचा ओचा पसरला होता आणि वरून, विटाळ होऊ नये इतक्या उंचावरून, शिळी भाकर पडली होती. वर हिरवी बुरशी, कडेला कुणाचा तरी लांब केस. तानीनं केस ओढून काढला, बुरशी नखानं खरवडली आणि भाकर खाल्ली. तो केस अजून घशात आहे असं तिला वाटायचं.

म्हणून नवरा दयाराम शाळेत शिपाई लागला, त्याच दिवशी तिनं ठरवलं की आपल्या घरात भाकर भाजायची नाही. दयाराम गेला, तरी नियम राहिला. गव्हाच्या पोळ्या, पांढराशुभ्र भात, नूडल्सची पाकिटं, फ्रिजमध्ये रंगीत थंड पेयांच्या बाटल्या. एकुलता एक अश्वजित चहात एका वेळी आठ-आठ टोस्ट बुडवायचा. कपाच्या तळाशी बसलेला गिळगिळीत चिखलही चमच्यानं ओरपायचा. ही माउली कौतुकानं बघत बसायची. पुढे त्याच्या मानेवर काळा पट्टा उमटला. मळच असणार म्हणून तिनं दगडानं घासघासून मान सोलून काढली. कातडी लाल झाली, काळं काही गेलं नाही.

सव्विसाव्या वर्षी अश्वजितची बसचालक म्हणून निवड झाली आणि तपासणीत गाडं अडलं. साखर भलतीच वाढलेली होती. साहेबांनी तीन महिने दिले. साखर उतरली तर नोकरी, नाहीतर जागा पुढच्याला. चिखलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर-मैदा बंद केला आणि ज्वारीची भाकर खायला सांगितली. मानेवरचा पट्टा मळाचा नाही, याच दुखण्याचा आहे, हेही सांगितलं.

तानाबाईचा तिळपापड झाला. "त्या डाक्टरच्या घरी पोया अन् माह्या पोराले भाकर? काऊन? आपन अजून त्या ओट्याखालीच हाओ का?"

"माय, त्यानं माह्यं रक्त पाह्यलं, जात नाही पाह्यली," अश्वजित म्हणाला. "मले नोकरी पाह्यजे. तू भाकर कर."

नाकाला पदर लावून तिनं पीठ मळलं. करडी, जाड, काठाला भेगाळलेली भाकर पोरानं मिटक्या मारत खाल्ली आणि हिला तोंड फिरवावं लागलं. आपल्या लेकराच्या ताटात हे? चौथ्या दिवशी तिनं पिठात मूठभर मैदा घातला. भाकर जरा उजळली. मग मुठीच्या दोन मुठी झाल्या, महिन्याभरात अर्ध्याला अर्धं. अंबाडीची भाजी आंबट लागते म्हणून तीत गुळाचा खडा पडू लागला. गूळ म्हणजे काही साखर नव्हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

"माय, तुह्या हाताले जादू हाये," अश्वजित म्हणायचा. "एवढी मऊ भाकर कोनाच्याच घरी होत नाही."

तो पहाटे उठून फाट्यापर्यंत चालून यायचा. कोरा, बिनसाखरेचा चहा प्यायचा. मित्राच्या वाढदिवसाला केकचा तुकडासुद्धा त्यानं तोंडात घेतला नाही.

तीन महिन्यांनी तो तपासणीहून परतला आणि बूट न काढताच दारात बसला.

"साखर वाढली, माय. जागा गेली." मग थांबून म्हणाला, "सायेब सगळ्यायसमोर म्हने, तू चोरून खात असशील. मी म्हनलो, माह्या मायले विचारा. उद्या चाल माह्यासंगं. तू सांग त्यायले, एक घास बाहेरचा नाही खाल्ला मी."

तानाबाईनं होकारासाठी तोंड उघडलं. पण पोराच्या डोळ्यांतला भरवसा पाहून तिला स्वतःचीच किळस आली.

"अशू, मैदा घातला मी. अर्धा. पयल्या हप्त्यापासून. भाजीत गूळबी. ते करडं तुह्या ताटात पाहवत नव्हतं रे माह्यानं."

अश्वजित उठला. मोरीत जाऊन त्यानं चूळ भरली, थुंकला, पुन्हा भरली. मग डब्यातलं ज्वारीचं पीठ परातीत ओतून तो मळायला बसला. पीठ बोटांना चिकटायचं, थापायला गेलं की फुटायचं. न राहवून तानाबाईनं परातीत हात घातला.

"हात काढ," तो म्हणाला. "आजपासून तुह्या हातचं मले नको."

तिनं हात काढला. हे वाक्य तिनं जन्मभर परक्यांच्या तोंडून ऐकलं होतं.