तांब्याभर छास

१९९६ सालच्या मे महिन्यात डॉ. जयश्रीला एका उत्तरानं हैराण केलं होतं. ते उत्तर होतं, ‘नाही’.

सुरतेच्या एका सरकारी दवाखान्यात, तातडीच्या विभागात, ती नवी डॉक्टर होती. फुलस्केप कागदावर पट्टीनं रेघा मारून तिनं तक्ता आखला होता. बेशुद्ध रुग्ण किती वाजता पडला, किती वाजता पोचला, तोंडावाटे काही दिलं का? दीडशेपैकी एकशे एकेचाळीस जणांचे नातेवाईक शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणाले होते. एक्स-रे मात्र वेगळं सांगत. चाळीसेक जणांच्या फुप्फुसांत बाहेरून काहीतरी गेलं होतं.

किती साधे दिवस होते ते! ओला एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून बघायचा, शंका आली तर ग्रंथालयात जाऊन जाडजूड मासिकं चाळायची आणि चार वाजता सरलाबाईंच्या हातचा आल्याचा चहा प्यायचा. सरलाबाई विभागातल्या आया. मूळच्या अमळनेरकडच्या, पण तीस वर्षं सुरतेत काढलेल्या.

एका दुपारी बमरोलीच्या यंत्रमागाच्या शेडमधून भाईदासला रिक्षात घालून आणलं. उष्माघातानं अंग भट्टीसारखं तापलेलं, शुद्ध नाही, श्वासात घरघर. बरोबर त्याची बायको रंजना आणि शेजारच्या मागावरचा वाल्मिक.

“काही पाजलं का याला?” जयश्रीनं विचारलं.

“नही, डॉक्टरबाई. काहीच नही,” वाल्मिक म्हणाला.

“खरं बोला! मला याच्या श्वासनळीत नळी घालायची आहे. पोटात काही असेल आणि ते उलटून आलं, तर सरळ फुप्फुसात जाईल. माणूस जाईल तुमचा!”

“सांगितलं ना, नही.” वाल्मिक भिंतीकडे बघू लागला. रंजनानं पदर तोंडात धरला.

सरलाबाईंनी जयश्रीला कोपराला धरून बाजूला घेतलं. “बेटा, तू फौजदारासारखी विचारतेस. आपल्यात पडलेल्या माणसाला घोटभर पाजलं नाही, तर लोक जन्मभर बोलतात. त्यानं मायेनंच पाजलं असणार. त्या मायेला तू गुन्हा म्हटलंस, तर कोण कबूल करील?”

“पण मावशी, ती चूकच आहे!”

“आहे ना. सांग की. पण त्याच्या शेजारी बसून सांग.”

जयश्रीला लहानपणची कोसाडची खोली आठवली. जमिनीवर पडलेले वडील, आणि त्यांच्या ओठांना स्टीलचा ग्लास लावणारी बारा वर्षांची ती. वडील वाचले नाहीत. त्या पाण्यामुळेच की नाही, हे तिला कधीच कळलं नव्हतं, आणि कुणाला तिनं ते सांगितलंही नव्हतं. इतक्या जणांना खोटं ठरवणारी ती स्वतः तरी कुठे खरं बोलली होती!

ती वाल्मिकजवळ आली. “दादा, माझे वडील असेच पडले होते. मी त्यांना ग्लासभर पाणी पाजलं, याच हातानं. तुम्ही किती पाजलंत?”

वाल्मिकचा चेहरा एकदम उतरला. “तांब्याभर छास, माय! निम्मी बाहेरच सांडली. मन्हा भाऊसारखा शे तो... वाटलं, घसा सुकला असेल.”

“मीच आणून दिली,” रंजना हुंदका देत म्हणाली.

“सक्शन घ्या! आधी पोट रिकामं करा!” जयश्री वळली. नाकातून पोटात नळी गेली, पातळ ताकाची ती छास बाहेर आली, मगच श्वासनळीत नळी बसली. अंगावर बर्फाच्या पाण्याच्या चादरी टाकल्या.

पाचव्या दिवशी भाईदासनं डोळे उघडले. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात त्यानं पहिलं विचारलं, “माझा माग कोण चालवतंय?”

“मीच. तुझ्यापेक्षा बरा चालतो. झोप!” वाल्मिक म्हणाला आणि डोळे पुसायला बाहेर गेला.

त्या दिवसापासून जयश्रीनं प्रश्नच बदलला. ‘पाजलं का?’ ऐवजी ती ‘किती पाजलंत?’ असं शेजारी बसून विचारू लागली, आणि लोक खरं सांगू लागले. जुन्या दीडशे नोंदी तिनं बाजूला ठेवल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे तिचे निबंध मोठ्या परिषदांत वाचले गेले. पण पहिला निबंध तिनं वाचून दाखवला तो बमरोलीच्या शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, माग बंद करून! प्रात्यक्षिकासाठी बेशुद्ध माणूस बनून वाल्मिक जमिनीवर आडवा पडला, तेव्हा सगळे खो खो हसले.

“मग पाणीच पाजायचं नाही, तर आपण करायचं काय?” शालिग्राम नावाच्या म्हाताऱ्या कामगारानं विचारलं.

उत्तर रंजनानं दिलं. “बाबा, आधी सावलीत न्या. असं कुशीवर वळवा. ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला, आणि लगेच रिक्षा बोलवा. शुद्धीवर आला की मग त्याच्याच हातानं पिऊ द्या!”

बंधू-भगिनींनो, बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. आणि मायेपोटी कुणाकडून ही चूक झाली असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्यानं निर्धास्तपणे खरं सांगितलं, तरच डॉक्टरला माणूस वाचवता येतो!