भूक लागला

पद्मजाबाईंच्या वर्गातून बाहेर पडलेल्या एकाही पोराला मराठी बोलता येत नसे, पण विभक्तीचे प्रत्यय मात्र झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणता येत. ‘स-ला-ते, स-ला-ना-ते.’ परदेशात, कोक्विटलाममधल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटात तीस वर्षं हा घोष चालला, आणि बाईंना त्याचा कोण अभिमान.

नात ईशिताही त्याच वर्गात. सात वर्षांची असताना ती एकदा वर किचनमध्ये येऊन म्हणाली, “आजी, मला भूक लागला.” बाईंनी आधी दहा वेळा ‘भूक लागली’ लिहून घेतलं, मग पोळी वाढली. पोरीने ती मुकाट्याने खाल्ली आणि त्या दिवसापासून मराठी टाकली ती टाकलीच. आता ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉनला नोकरी करते. दर रविवारी तिचा फोन येतो, इंग्रजीतून, पाच मिनिटं, त्यातलं निम्मं हवामान. यजमान गेल्यापासून बाईंना मराठी बोलायला घरात भिंती तेवढ्या उरल्यात. भिंती व्याकरणात चुकत नाहीत.

एकटेपणाला कंटाळून बाई शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये आयरिश शिकायला जाऊ लागल्या. त्या वेळेला दुसरा क्लासच नव्हता. शिकवणारी नोरा मूळची आयर्लंडची. शाळेत चौदा वर्षं आयरिश शिकली, निबंधच्या निबंध पाठ केले, आणि त्या भाषेत पाणी मागायची वेळ आली तेव्हा तोंडाला कुलूप. हे ती हसत सांगे. म्हणून तिच्या वर्गात ना वही, ना फळा. आयरिशमध्ये मागाल तर चहाबरोबर बिस्कीट.

बाईंनी एकदा धीर केला. “तॉ मे ओक्रस.” म्हणजे ‘मी भूक आहे’. त्या भाषेत भूक माणसावर असते, आपल्याकडे ती लागते तशी. चूक त्यांची त्यांनाच कळली आणि या वयात कान गरम झाले. नोराने नुसतं विचारलं, “विल ओक्रस ओर्त?” भूक आहे का तुझ्यावर? आणि बशी पुढे केली. बाईंनी ते बिस्कीट न खाताच पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. “हाय आजी, हाउज द वेदर?”

“ते राहू दे गं. काल मी क्लासमध्ये चुकले. ‘मला भूक लागला’ अशातलंच काहीतरी बोलले.”

“डिड शी मेक यू राइट इट टेन टाइम्स?”

“नाही. बिस्कीट दिलं. मी तुला नुसती पोळी वाढायला हवी होती, ईशिता.”



“आजी,” ईशिता अडखळत म्हणाली, “मला तुझा आठवण आला.”

‘तुझी आठवण आली’ ओठांवर आलंच होतं. तीस वर्षांची खोड ती. बाईंनी ते गिळलं.

“मला तर तुझा रोज येतो,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी एकटीपुरती पोळी लाटायला घेतली.